मेंदूच्या नकाशातील खुणा आणि संगणक

पावसाळ्यात कृष्णेचे पाणी चढू लागले, की सांगलीकर एकच आकडा विचारतात : आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर गेले? ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. नदीचे पात्र कितीही पसरलेले असले तरी तिची उंची एका ठरलेल्या जागी, एका ठरलेल्या खुणेपासून मोजली जाते. म्हणूनच आजचा आकडा कालच्या आकड्याशी आणि यंदाचा पूर २०१९ च्या महापुराशी ताडून पाहता येतो. खूणच चुकली, तर आकड्याला काही अर्थ राहत नाही.

मेंदूच्या स्कॅनचे वाचनही याच तत्त्वावर चालते. मेंदू एका बाजूला किती सरकला, गाठ किती वाढली, शस्त्रक्रियेची सुई नेमकी कोठवर न्यायची, या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर मिलिमीटरमध्ये द्यावे लागते आणि ते मिलिमीटर कोणत्या तरी स्थिर खुणेपासून मोजावे लागतात. आजवर ही खूण तज्ज्ञ डॉक्टर डोळ्यांनी शोधत आले. हे काम संगणकाकडून करून घेण्याचे शास्त्र गेल्या सुमारे तीन दशकांत विकसित झाले आहे.

खूण कशाला म्हणतात?

शरीररचनात्मक खूण म्हणजे असा बिंदू, जो जवळजवळ प्रत्येक माणसात असतो, आजूबाजूच्या रचनेवरून ओळखता येतो आणि दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे शोधला तरी साधारण एकाच जागी सापडतो. मेंदूच्या पृष्ठभागावरील वळ्या माणसागणिक बदलतात. त्यामुळे तेथे अशा खुणा मिळणे कठीण. मेंदूचा अंतर्भाग त्या मानाने स्थिर असतो. मेंदूच्या उजव्या आणि डाव्या बाजूंना जोडणारे तंतूंचे दोन लहान पट्टे तेथे आहेत. पुढच्या पट्ट्याला अँटिरिअर कमिशर आणि मागच्याला पोस्टिरिअर कमिशर म्हणतात. मेंदूचा बरोबर मधोमध उभा छेद घेतला, तर हे दोन्ही पट्टे लहानशा ठिपक्यांसारखे दिसतात. त्यांची जाडी काही मिलिमीटर आणि त्यांच्यातील अंतर साधारण २५ मिलिमीटर असते.

या दोन ठिपक्यांतून जाणारी रेषा आणि मेंदूचे दोन समान भाग करणारे मध्यप्रतल एकदा निश्चित झाले, की मेंदूतील कोणत्याही जागेचा पत्ता तीन आकड्यांत सांगता येतो : मध्यापासून किती बाजूला, किती पुढे वा मागे, किती वर वा खाली. शेताची मोजणी करणारा भूकरमापक आधी हद्दीचा जुना दगड शोधतो आणि मगच मापाला हात घालतो, तसाच हा प्रकार आहे.

दगड शोधायचा ते रान मात्र मोठे असते. एमआरआय स्कॅनमध्ये मेंदूचे लहान लहान घनांत विभाजन केलेले असते. प्रत्येक छेदात २५६ गुणिले २५६ घन आणि असे १८० छेद धरले, तर ही संख्या सुमारे १ कोटी १८ लाख होते. त्यांतून नेमका एक बिंदू निवडायचा असतो.

कवटीकडून मेंदूच्या आत

मेंदूत मोजून मापून शिरण्याची पद्धत लंडनमध्ये १९०८ साली व्हिक्टर हॉर्स्ली आणि रॉबर्ट क्लार्क यांनी प्राण्यांवरील प्रयोगांसाठी मांडली. त्यांनी कानाची छिद्रे आणि डोळ्यांच्या खोबणी यांना खुणा मानले होते. माणसाच्या बाबतीत मात्र कवटीवरील खुणांचा फारसा उपयोग होत नाही. कारण कवटीचा आकार आणि आतील मेंदूची ठेवण यांचे नाते प्रत्येकात थोडे वेगळे असते. १९४७ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे अर्न्स्ट स्पीगल आणि हेन्री वायसिस यांनी माणसावर ही पद्धत वापरली, तेव्हा क्ष-किरण चित्रात दिसणाऱ्या मेंदूच्या आतील खुणांचा आधार घेतला. पॅरिसमधील जाँ तालेराक यांनी दोन कमिशरमधून जाणारी रेषा ही आधाररेषा म्हणून रूढ केली. पिएर तुर्नू यांच्यासह त्यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेला मेंदूचा नकाशासंग्रह पुढे जगभरच्या संशोधनाचा पाया ठरला.

दरम्यान मेंदू पाहण्याची साधनेही बदलली. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सीटी स्कॅन यंत्रावर पहिल्या रुग्णाची तपासणी लंडनमध्ये १९७१ साली झाली आणि १९७९ मध्ये त्यांना अ‍ॅलन कॉरमॅक यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. एमआरआयसाठी हा मान पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ मध्ये मिळाला. या दोन्ही यंत्रांत प्रतिमा मुळातच आकड्यांच्या रूपात तयार होते. संगणकाला खूण शोधता येते ती यामुळेच.

पाच मिलिमीटरचा प्रश्न

पुणे-बंगळूरु महामार्ग खंबाटकी घाट ओलांडून सातारा, कराड असे करीत सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुक्यातून कोल्हापूरकडे जातो. अपघातात डोक्याला मार लागलेला रुग्ण रुग्णालयात पोहोचला, की सर्वप्रथम सीटी स्कॅन केला जातो. कवटी बंद पेटीसारखी असल्याने आत रक्तस्राव झाला, तर साठलेले रक्त मेंदूला विरुद्ध बाजूस ढकलते. मेंदूच्या मधोमध असलेला सेप्टम पेलुसिडम हा पातळ पडदा त्यामुळे आपल्या जागेवरून सरकतो. या सरकण्याला मध्यरेषेचे विचलन म्हणतात.

मेंदूच्या आघातासंबंधी २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार, मेंदूच्या बाह्य आवरणाखाली ताजे रक्त साठले असेल आणि त्याची जाडी १० मिलिमीटरपेक्षा किंवा मध्यरेषेचे विचलन ५ मिलिमीटरपेक्षा अधिक असेल, तर रुग्ण किती शुद्धीवर आहे याचा विचार न करता ते रक्त शस्त्रक्रियेने काढावे. म्हणजे ५ मिलिमीटर ही येथील धोका पातळी. ४ आणि ६ मिलिमीटर यांतला फरक नुसत्या नजरेच्या अंदाजावर सोडता येत नाही. स्कॅन मध्यरात्री होतो, रेडिओलॉजिस्ट दुसऱ्या गावी असतो आणि रुग्णाला येथेच ठेवायचे की मोठ्या रुग्णालयात हलवायचे, याचा निर्णय त्या वेळी हजर असलेल्या डॉक्टरला घ्यावा लागतो. खूण अचूक सापडण्याचे महत्त्व अशा वेळी कळते.

संगणक खूण कशी शोधतो?

सीटी स्कॅनमधील प्रत्येक घनाला घनतेचा एक आकडा असतो. हाउन्सफील्ड यांच्या मापनपट्टीवर पाण्याला ०, हवेला उणे १०००, मेंदूच्या ऊतींना साधारण २० ते ४५, ताज्या रक्ताला ५० ते ८० आणि हाडाला कित्येकशे असा आकडा मिळतो. संगणक प्रथम मोठ्या आकड्यांवरून हाड वेगळे काढतो. कवटीचे कडे हाती आले, की तिच्या दोन्ही अर्धांची तुलना करून रुग्णाचे डोके स्कॅनच्या वेळी किती कललेले होते ते ठरवतो आणि प्रतिमा सरळ करून घेतो. त्यानंतर कवटीच्या आतील बाजूस कपाळाकडचा हाडाचा उंचवटा आणि मागच्या बाजूचा उंचवटा या दोन खुणा शोधून त्यांना जोडणारी रेषा काढली जाते. ही अपेक्षित मध्यरेषा होय. मग मेंदूतील द्रवाने भरलेल्या पोकळ्या त्यांच्या कमी घनतेवरून ओळखायच्या, त्यांच्या मधला पडदा शोधायचा आणि तो अपेक्षित रेषेपासून किती दूर आहे ते मोजायचे. सांगायला हे पाच-सहा टप्पे असले, तरी प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्यावर उभा असतो. कवटीचा कल ठरवताना झालेली चूक शेवटच्या आकड्यापर्यंत तशीच झिरपत जाते.

एमआरआयमध्ये घनतेची अशी ठरीव पट्टी नसते. एकाच ऊतीची उजळता यंत्रागणिक बदलते. म्हणून तेथे आकाराचा आणि शेजाराचा आधार घेतला जातो. दोन्ही बाजूंचे साम्य सर्वाधिक जेथे जुळते, ते मध्यप्रतल प्रथम निश्चित केले जाते. त्या छेदात कॉर्पस कॅलोझम हा कमानीसारखा उजळ पट्टा सहज ओळखू येतो. त्याच्याखाली फॉर्निक्स नावाचा तंतूंचा जुडगा असतो आणि तो खाली जेथे वळतो तेथे अँटिरिअर कमिशरचा ठिपका सापडतो. अनोळखी गावात आधी मोठा चौक, मग देऊळ, मग गल्ली असे विचारत जावे, तसा संगणक मोठ्या खुणेकडून लहान खुणेकडे जातो. दोन्ही कमिशर अशा रीतीने शोधणारी एक पद्धत बाबक आर्देकानी आणि अल्विन बॅकमन यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यावर आधारलेली संगणकप्रणाली संशोधकांना मोफत मिळते.

दुसरा मार्ग नकाशा बसवण्याचा आहे. ज्यावर सर्व खुणा आधीच नोंदलेल्या आहेत, असा एक प्रमाण मेंदू घ्यायचा आणि तो ताणून, वळवून रुग्णाच्या मेंदूवर जास्तीत जास्त जुळेल असा बसवायचा. नकाशावरील खुणा मग आपोआप रुग्णाच्या प्रतिमेवर उतरतात.

तिसरा मार्ग गेल्या दशकात पुढे आला. तज्ज्ञांनी खुणा केलेले शेकडो स्कॅन संगणकाला दाखवायचे आणि खूण ओळखण्याचे नियम त्याचे त्याला शोधू द्यायचे. डीप लर्निंग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत संगणक थेट एक बिंदू देण्याऐवजी बहुधा संभाव्यतेचा नकाशा देतो. जेथे खूण असण्याची शक्यता सर्वाधिक, तेथे तो नकाशा सर्वाधिक उजळ असतो. हा उजेड एका जागी एकवटला असेल, तर संगणकाला खात्री आहे असे समजायचे. पसरला असेल, तर शंका घ्यायची.

या शिक्षणात गुरू माणूसच असतो आणि गुरूच्या हातालाही मर्यादा असते. २०१९ मध्ये कॅनडातील संशोधकांनी मेंदूतील ३२ खुणांचा एक संच आणि त्या नोंदवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. प्रशिक्षण घेतलेल्या माणसांनी त्या नोंदवल्या, तेव्हाही सरासरी एक ते दीड मिलिमीटरचा फरक राहिला. संगणकाचे यश तपासताना ही मानवी फुटपट्टी ध्यानात ठेवावी लागते.

सुईच्या टोकाचा हिशेब

खुणांची सर्वांत कडक परीक्षा कंपवाताच्या शस्त्रक्रियेत होते. मेंदूत खोलवर विद्युत्-तार बसवून कंप आटोक्यात आणण्याची आधुनिक पद्धत फ्रान्समधील ग्रनोब्ल येथे आलिम-लुई बेनाबिद यांच्या गटाने १९८७ पासून विकसित केली. सबथॅलॅमिक न्यूक्लिअस या केंद्राचा पत्ता बऱ्याचदा असा सांगितला जातो : दोन्ही कमिशरच्या मधल्या बिंदूपासून सुमारे १२ मिलिमीटर बाजूला, ३ मिलिमीटर मागे आणि ४ मिलिमीटर खाली. हे केंद्र लहानशा घेवड्याच्या दाण्याएवढे असते. म्हणून हा पत्ता पहिला अंदाज मानून पुढे रुग्णाच्या स्वतःच्या एमआरआयवर आणि अनेक ठिकाणी शस्त्रक्रियेच्या वेळी घेतलेल्या विद्युत्-नोंदींवर पडताळला जातो.

येथे लहान चूक कशी वाढते, हे साध्या गणिताने कळते. कमिशरमधील अंतर २५ मिलिमीटर आहे आणि मागची खूण २ मिलिमीटर वर धरली गेली, असे समजू. आधाररेषा त्यामुळे साडेचार अंशांहून थोडी अधिक कलते. पुढच्या खुणेपासून ६० मिलिमीटर अंतरावरचा बिंदू या कलाने जवळजवळ ५ मिलिमीटर सरकतो. खुणेजवळ नगण्य वाटणारी चूक दूरच्या लक्ष्यापाशी दुपटीहून मोठी होते.

प्रमाण मेंदू कोणाचा?

तालेराक आणि तुर्नू यांचा १९८८ चा नकाशा मुख्यत्वे एका ६० वर्षांच्या फ्रेंच स्त्रीच्या मेंदूवर बेतलेला होता. नंतर कॅनडातील माँट्रियल येथे १५२ व्यक्तींच्या स्कॅनची सरासरी काढून प्रमाण मेंदू तयार झाला आणि तो जगभर वापरात आला. कराडच्या शेतकऱ्याच्या वा तासगावच्या शिक्षिकेच्या मेंदूवर हा नकाशा कितपत बसतो, हा प्रश्न त्यातूनच उभा राहतो.

भारतात त्यावर काम झाले आहे. हैदराबादच्या आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेतील जयंती शिवस्वामी आणि सहकाऱ्यांनी तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेच्या साहाय्याने १०० भारतीयांच्या स्कॅनवरून एक प्रमाण मेंदू तयार करून २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. तो पाश्चात्त्य व चिनी नमुन्यांच्या तुलनेत आकाराने लहान आढळला. पाठोपाठ बंगळूरुच्या ‘निम्हान्स’मधील संशोधकांनी ६ ते ६० वर्षे या वयोगटांसाठी पाच भारतीय प्रमाण मेंदू तयार केले. आकारातील या फरकाचा बुद्धीशी संबंध जोडण्याचे कारण नाही. खूण शोधणाऱ्या संगणकाला मात्र त्याची दखल घ्यावीच लागते, कारण नकाशा जितका अधिक ताणावा लागेल तितकी खूण घसरण्याची शक्यता अधिक.

मध्यरेषेच्या विचलनासंबंधीचे मोठे भारतीय काम मुंबईत झाले. तेथील ‘क्युअर डॉट एआय’ या संस्थेने भारतातील सुमारे २० केंद्रांतील ३ लाख १३ हजार स्कॅनच्या आधारे घडवलेल्या प्रणालीचा अहवाल २०१८ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. रक्तस्राव, कवटीचे अस्थिभंग आणि मध्यरेषेचे विचलन ओळखण्याची क्षमता त्यात तपासली होती. स्वतंत्र पडताळणीसाठीच्या ४९१ स्कॅनवर तीन रेडिओलॉजिस्टांचे मत प्रमाण मानण्यात आले आणि तो संच इतर संशोधकांसाठी खुला करण्यात आला.

यंत्र कोठे चुकते?

निरोगी मेंदूत खूण शोधणे तुलनेने सोपे असते; गरज मात्र आजारी मेंदूत असते. गाठीमुळे कमिशर ढकलले गेलेले असतात, पोकळ्यांत पाणी साठून त्यांचा आकार बदललेला असतो, आधीच्या शस्त्रक्रियेतील धातूच्या चिमट्यामुळे प्रतिमेवर पट्टे उमटतात, वेदनेने तळमळणारा रुग्ण स्थिर राहत नाही. लहान मुलांचा आणि फार वृद्ध व्यक्तींचा मेंदूही प्रौढांच्या नकाशात नीट बसत नाही.

याहून फसवा प्रकार म्हणजे दोन्ही बाजूंनी होणारा रक्तस्राव. उजवीकडून आणि डावीकडून सारखाच दाब आल्यास मधला पडदा जागेवरच राहतो. संगणक खूण अगदी अचूक शोधतो, विचलन शून्य असे सांगतो आणि तरीही रुग्ण धोक्यात असतो. वयोमानाने मेंदू आकसलेल्या व्यक्तीतही कवटीत मोकळी जागा असल्याने बरेच रक्त साठेपर्यंत विचलन कमीच दिसते. अशा वेळी मोजमाप बरोबर असूनही निष्कर्ष चुकतो. स्कॅन पाहणारा डॉक्टर रक्ताची जाडी, पोकळ्यांचा आकार, बाहुल्यांची प्रतिक्रिया आणि रुग्णाची शुद्ध यांची सांगड घालतो. एका आकड्यातून ही सांगड मिळत नाही.

यातून एक व्यावहारिक नियम निघतो. संगणकाने केवळ ‘विचलन ६ मिलिमीटर’ असे लिहून देणे पुरेसे नाही. ज्या दोन खुणांवरून ते मोजले, त्या त्याने प्रतिमेवर दाखवल्या पाहिजेत. खूण समोर दिसली, की ती बरोबर आहे का हे डॉक्टरला काही सेकंदांत ठरवता येते. आणि जेथे खूण सापडली नाही, तेथे जवळचा एखादा बिंदू पुढे करण्याऐवजी ‘सापडली नाही’ असेच यंत्राने सांगायला हवे. भारतात १ एप्रिल २०२० पासून वैद्यकीय उपयोगाच्या संगणकप्रणालींचाही समावेश वैद्यकीय उपकरणांच्या व्याख्येत झाला आहे. त्यामुळे रुग्णाच्या उपचारासाठी वापरायची प्रणाली आणि प्रयोगशाळेतील प्रकल्प यांत कायद्यानेही फरक आहे.

सातारा-सांगलीसाठी काय?

या विषयाला वैद्यक आणि अभियांत्रिकी अशा दोन बाजू आहेत आणि कृष्णाकाठच्या या दोन जिल्ह्यांत दोन्हींची परंपरा जुनी आहे. मिरजेत विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उभारले, १९६२ मध्ये तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले आणि वैद्यकीय उपचारांचे गाव म्हणून मिरजेची ओळख महाराष्ट्र-कर्नाटकाच्या सीमाभागात पक्की झाली. कराडमध्ये १९८४ पासून कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय आहे. सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ चे, तर कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० चे. साताऱ्यातही रयत शिक्षण संस्थेचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. सांगलीहून मिरज जेमतेम दहा किलोमीटर. कराडात तर दोन्ही प्रकारची महाविद्यालये एकाच गावात आहेत.

अशा प्रकल्पासाठी लागणारी सामग्री आता दुर्मीळ राहिलेली नाही. अमेरिकेतील ‘ओएसिस’, लंडनमधील ‘आयएक्सआय’ आणि वर उल्लेखलेला ४९१ सीटी स्कॅनचा भारतीय संच संशोधकांना उपलब्ध आहेत. प्रतिमा पाहण्या-मोजण्याची ‘थ्रीडी स्लायसर’सारखी साधनेही विनामूल्य मिळतात. कमतरता असते ती खुणा नोंदवणाऱ्या जाणत्या हातांची. एकेका स्कॅनवर कमिशर, मध्यरेषा आणि पोकळ्या चिन्हांकित करण्यासाठी शरीररचनाशास्त्राचे वा रेडिओलॉजीचे शिक्षक लागतात आणि एकाच स्कॅनवर किमान दोघांनी स्वतंत्रपणे काम करावे लागते. स्थानिक रुग्णांचे स्कॅन वापरायचे झाल्यास नीतिशास्त्र समितीची संमती तर हवीच. शिवाय फाइलीतील नाव पुसणे पुरेसे ठरत नाही. डोक्याच्या एमआरआयवरून चेहराही पुन्हा उभा करता येतो, म्हणून चेहऱ्याचा भाग आधी काढून टाकावा लागतो.

खूण शोधणाऱ्या प्रणालीची योग्यता महानगरातील उत्तम यंत्रावर घेतलेल्या स्कॅनवरून पूर्णपणे ठरत नाही. तालुक्याच्या गावातील जुन्या यंत्रावर, जाड छेदांत, रात्री दोन वाजता घेतलेल्या स्कॅनवर ती मध्यरेषा कोठे काढते, हे पाहावे लागते. ती तपासणी त्या गावाजवळच्या माणसांनाच करता येईल. पुराचा आकडा सांगण्यापूर्वी पुलावरची पट्टी प्रत्यक्ष पाहिली जाते, तशी संगणकाने दाखवलेली खूणही प्रत्येक वेळी डॉक्टरने पाहिली, तरच त्या ५ मिलिमीटरवर विसंबून रुग्णाला शस्त्रक्रियेच्या टेबलावर घेता येईल.